कोल्हापूरच्या नागाळा पार्कातल्या आमच्या बिल्डिंगीवरचं सोलर: घेतलेल्या सेवेचा सविस्तर अनुभव

आमची बिल्डिंग चार मजली, 24 फ्लॅटची. मी सोसायटीची खजिनदार, आणि नोकरीही पतसंस्थेतली, त्यामुळे कॉमन मीटरचं लाइट बिल दर महिन्याला माझ्याच हातून जातं. लिफ्ट, दोन पंप, जिना आणि पार्किंगचे दिवे मिळून महिन्याला साडेआठशे युनिटच्या आसपास. घरगुती दरात 500 युनिटच्या वरचा स्लॅब सगळ्यात महाग, आणि आमचे शेवटचे साडेतीनशे युनिट त्याच स्लॅबात जायचे. छतावरच्या सोलरसाठी केंद्राची ‘पीएम सूर्यघर’ योजना 2024 मध्ये आली, तिच्यात सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे हे कळलं आणि आम्ही कोटेशनं मागवली.

बहुतेकांनी फोनवरच 10 किलोवॅट सांगितलं. एक जण येऊन टेरेसचे फोटो काढून गेला आणि दुसऱ्या दिवशी पीडीएफ आली, वर मोठ्या अक्षरात “अनुदान 1,80,000”. बिल किती येतं हे त्यानं विचारलंसुद्धा नव्हतं.

ज्यांच्याकडून अखेर काम करून घेतलं ते उद्यमनगरातले, मूळचे मोटार रिवाइंडिंगवाले. त्यांनी आल्या आल्या बारा महिन्यांची बिलं मागितली आणि टेरेसवर न जाता आधी पार्किंगमध्ये फिरले. वीस ट्यूबा, जुन्या चोकच्या, संध्याकाळी लागल्या की सकाळपर्यंत चालू. “ताई, आधी ह्या बदला, सेन्सर लावा, मग मला बोलवा. आत्ता मी 10 किलोवॅट लावीन, पण त्यातलं निम्मं तुम्ही ह्या ट्यूबांनाच पाजणार की.” विकायला आलेला माणूस असं बोलतो हे मला नवीन होतं. आम्ही एलईडी आणि सेन्सर लावले, वरच्या टाकीला लेव्हल कंट्रोलर बसवला. टाकी भरून वाहणं थांबलं. पुढचं बिल सहाशेच्या घरात आलं. मग त्यांनी 6 किलोवॅटचं कोटेशन दिलं. धंदा त्यांचाच कमी झाला. माझा विश्वास तिथं बसला.

आता टेरेसचं. ज्यांच्या बिल्डिंगीवर हे काम व्हायचं आहे त्यांनी हा भाग नीट वाचावा, कारण भांडणं इथंच होतात. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये टेरेस मोकळी नसते. कांदा-लसूण चटणीची संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची, सांडगे, कुरडया, सगळं वर वाळतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आक्कांनी मीटिंगमध्ये सरळ सांगितलं, “सावली पडली तर मी सही करणार न्हाई.” त्यांचं बरोबरच होतं. टेरेस सगळ्यांची आहे. वेंडरनं त्यांनाच बरोबर घेऊन वर फेरी मारली, कुठं काय वाळत घालता ते विचारलं आणि पूर्वेची अर्धी टेरेस पूर्ण मोकळी ठेवली. 550 वॅटची 11 पॅनलं दक्षिणेच्या बाजूला, पाण्याच्या टाकीच्याही दक्षिणेला. कारण डिसेंबरात ऊन दक्षिणेकडून तिरकं येतं आणि टाकीची सावली उत्तरेला लांब पसरते. आधीच्या एकाच्या ड्रॉइंगमध्ये चार पॅनलं नेमकी त्या सावलीत होती. एका पॅनलवर सावली आली की त्या ओळीतल्या बाकीच्यांवरही परिणाम होऊ शकतो, हे मला यांनी समजावून सांगितलं.

दुसरी धास्ती गळतीची. आमच्या टेरेसवर ब्रिकबॅट कोबा (पाणी मुरू नये म्हणून घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर) आहे आणि कोल्हापूरच्या पावसात कोब्याला एक भोक पडलं तरी खालच्या फ्लॅटचं छत ओलं होतं. यांनी ड्रिल मशीन वर आणलंच नाही. प्रत्येक पायाखाली पत्र्याचा साचा ठेवून, त्यात सळ्या बांधून काँक्रीटचे ठोकळे ओतले आणि जीआय स्ट्रक्चर, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी सांगाडा, त्या ठोकळ्यांत धरलं. ठोकळ्यांच्या मध्ये पाणी वाहायला जागा सोडली. काम झाल्यावर आउटलेटला पोतं कोंबून टेरेसवर पाणी तुंबवून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या प्रत्येक घरात जाऊन स्वतः छत बघितलं. वाऱ्याचं काय, असं आमच्या अप्पांनी विचारलं तेव्हा ठोकळ्याचं वजन आणि पॅनलचा कोन कागदावर मांडून दाखवला. कोल्हापूरचा अक्षांश साडेसोळा-सतराच्या आसपास, कोनही जवळपास तेवढाच. त्याहून उभं लावलं तर वारा जास्त धरतं.

आणि इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलच्या डीसी विजेची घरात चालणारी एसी वीज करणारं यंत्र. नागाळा पार्कात राहणाऱ्याला हे सांगायला नको. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 या दोन्ही पुरांत नदी 55 फुटांच्या वर गेली होती आणि आमच्या पार्किंगमध्ये पाणी होतं. भिंतीवरची ती खूण रंग देऊनही दिसते. दोन कोटेशनांमध्ये इन्व्हर्टर “मीटर रूमशेजारी, पार्किंग” असा लिहिलेला होता, वायर कमी लागते म्हणून. यांनी भिंतीवरची खूण बघितली, काही बोलले नाहीत, आणि इन्व्हर्टर व सगळे डीसी बॉक्स जिन्याच्या टोकाला, टेरेसच्या दाराआत धरले. एसी केबल चार मजले खाली आणावी लागली, तिचे पैसे वाढले. सभेत दोघातिघांनी कुरकुर केली. मी म्हणेन, नदीकाठच्या भागात राहणाऱ्या कुणीही या एका गोष्टीवर तडजोड करू नये. जमलं तर मीटरही वर घ्या.

त्यांनी आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगितली, जी बाकी कुणीच सांगितली नव्हती: लाइट गेली की हे सोलरही बंद पडतं. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या लाइनला, जोडलेला इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. म्हणजे पुराच्या दिवसांत वर ऊन असलं तरी लिफ्ट चालणार नाही. बॅटरी घ्यायची तर खर्च वेगळा. आम्ही घेतली नाही, जिन्यापुरता छोटा इमर्जन्सी दिवा ठेवला आहे.

चालतं कसं? एक किलोवॅटला दिवसाला साधारण चार युनिट धरतात. आमच्याकडं मार्च ते मे त्याहून थोडं बरं, जुलैत निम्म्यावर. जुलैचं ॲप बघून बऱ्याच जणांनी मला फोन केले, पण त्यात बिघाड काही नाही, ते आभाळ आहे. नेट मीटर आलेली आणि बाहेर दिलेली, दोन्ही वीज मोजतो; त्यात शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जातात आणि हिशेब आर्थिक वर्षाअखेरीला बंद होतो. वर्ष 1 एप्रिलला सुरू होत असल्यामुळं एप्रिल-मेची शिल्लक जुलै-ऑगस्टला कामाला येते. हे गणित आमच्या हवेला चांगलं जुळतं. कॉमन मीटरचं बिल आता बहुतेक महिने स्थिर आकारापुरतंच येतं. अनुदान किलोवॅटला 18,000 प्रमाणे 1,08,000 बसलं. त्यासाठी पॅनलमधले सेलही भारतात बनलेले लागतात, तेव्हा स्वस्त मिळतात म्हणून दुसरी पॅनलं घेऊ नका.

पण या लोकांचं खरं काम मला पॅनलच्या पलीकडचं वाटतं. टेरेसवर बिल्डरनं बसवलेले सोलर वॉटर हीटर होते. नळ्यांमध्ये बोअरच्या पाण्याचा क्षार घट्ट बसलेला, दोन नळ्या फुटलेल्या, पाइपचं वेष्टण उन्हानं भुगा झालेलं. बऱ्याच बिल्डिंगींना बांधकाम परवानगीत सोलर हीटरची अट असते. भोगवटा प्रमाणपत्र मिळालं की वर जाऊन कुणी बघत नाही. आमच्याकडं तर पहिल्या मजल्यावर गरम पाणी यायला दोन बादल्या गार पाणी सोडावं लागायचं, म्हणून लोकांनी ते सोडूनच दिलं आणि घरोघरी गिझर लागले.

वेंडरनं हे हीटर बघून मला एकच प्रश्न विचारला. “लिफ्टचं सोडा ताई. सकाळी सहा ते आठ तुमच्यात गिझर किती चालत्यात?” मग आम्ही पायरीवर बसूनच हिशेब केला. 2 किलोवॅटचा गिझर पाऊण तास म्हणजे दीड युनिट. 24 घरं, 36 युनिट. नवीन 6 किलोवॅटचा प्लांट दिवसाला देणार 24. म्हणजे ज्या सोलरसाठी आम्ही सभांवर सभा घेत होतो, त्याच्या दीडपट वीज रोज आंघोळीच्या पाण्यात जात होती, आणि ती वाचवणारं यंत्र डोक्यावर आधीपासून पडून होतं.

नळ्यांतला क्षार काढला, फुटलेल्या बदलल्या, हीटरला बोअरऐवजी फक्त कॉर्पोरेशनच्या टाकीतून पाणी दिलं, पाइपला नवीन वेष्टण घातलं आणि एक परतीची लाइन टाकून छोटा पंप लावला. तो पहाटे थोडा वेळ फिरतो, पाइपातलं गार पाणी वर परत नेतो, आणि पहिल्या मजल्यावरही नळ सोडला की लगेच ऊन पाणी. याचा खर्च प्लांटच्या मानानं अगदीच किरकोळ. पावसाळ्यात गिझर लावावाच लागतो, पण दिवाळीनंतर मेअखेरपर्यंत बहुतेक घरांत त्याचं बटणही कुणी दाबत नाही. बिल्डिंगीतल्या एका वहिनींनी स्वतःच्या घरचं बिल मला आणून दाखवलं, इतका फरक.

मी हे एवढं तपशिलानं लिहिते आहे, कारण शहराचं म्हणून जे मोठं बोललं जातं ते शेवटी अशाच टेरेसवर ठरणार आहे. नेट झिरोसाठी, म्हणजे हवेत सोडलेला आणि शोषलेला कार्बन यांचा हिशेब शून्यावर आणायला, देशानं 2070 सांगितलं आहे, मुंबईनं 2022 मध्ये आराखडा करून 2050 धरलं. 2021 साली राज्यातली 43 अमृत शहरं (केंद्राच्या शहरांसाठीच्या ‘अमृत’ योजनेतली) याच उद्दिष्टाच्या ‘रेस टू झिरो’ या जागतिक मोहिमेत गेली, कोल्हापूरही त्या अमृत शहरांतलंच. आपल्या ग्रिडमधल्या एका युनिटमागं साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आमचा प्लांट वर्षाला आठ हजार युनिट धरला तर साडेपाच टनांच्या पुढं. गिझरचे रोजचे 36 युनिट वर्षातले सात महिने जरी वाचले तरी आणखी पाच टनांच्या वर. हीटरची दुरुस्ती प्लांटच्या बरोबरीला आली, आणि तिला कुणी उद्घाटनाला बोलवत नाही. रुईकर कॉलनीपासून राजारामपुरीपर्यंत कितीतरी टेरेसवर असेच हीटर मरून पडलेले मला रस्त्यावरून दिसतात. जीव तुटतो.

बिल्डिंग शून्यावर आली असं मात्र मी म्हणणार नाही. शून्यावर आलाय तो कॉमन मीटर. घराघरातले फ्रिज, पंखे, चौथ्या मजल्यावरचे एसी, प्रत्येकाचा गॅस सिलेंडर आहेच. मुळात ही बिल्डिंग उभी राहताना जे सिमेंट आणि स्टील लागलं त्याचा धूर केव्हाच जाऊन बसला. “झिरो बिल्डिंग” असा बोर्ड गेटवर लावू, असं एकानं सुचवलं होतं. मी नको म्हटलं.

सेवेतल्या उणिवा. नेट मीटरचे कागद यांच्या ऑफिसात पडून राहिले, मागे लागल्यावर हलले. तोवर प्लांट तयार असून गप्प होता. पॅनल धुवायला टेरेसवर नळाचं कनेक्शन द्यायचं ठरलेलं, ते विसरले. आणि सगळ्यात मोठी तक्रार: योजनेप्रमाणं पाच वर्षं देखभाल त्यांचीच आहे, पण दिवाळीच्या सुमारास इन्व्हर्टरवर लाल दिवा लागला तेव्हा माणूस यायला आठवडा गेला. आला तो नवीन पोरगा, त्याच्याकडं आमचं वायरिंगचं ड्रॉइंगच नव्हतं. मालक स्वतः आले तेव्हा दहा मिनिटांत सुटलं, एक कनेक्टर ढिला होता. मालक हुशार आणि सरळ आहेत, पण सगळं त्यांच्या एकट्याच्या डोक्यात आहे. काम वाढेल तशी ही अडचणही वाढेल, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे.

पाचपैकी चार. कामाला पाच, नंतरच्या सेवेला तीन. काम देणाऱ्यांनी ड्रॉइंगची प्रत, इन्व्हर्टर वर ठेवण्याची अट, पाणी तुंबवून केलेली चाचणी आणि तक्रारीनंतर किती तासांत माणूस येणार हे करारात लिहून घ्यावं. आमच्या मार्चच्या सभेत ठराव झाला: हीटरच्या देखभालीचं वार्षिक काम यांनाच, 48 तासांच्या अटीवर. लिफ्ट रूमच्या छताला आणि चौथ्या मजल्यावरच्या स्लॅबच्या उघड्या भागाला पांढरा उष्णतारोधक रंग द्यायचा, म्हणजे वरच्या घरांचे एसी थोडे कमी चालतील. आक्कांची सही सगळ्यात आधी झाली, मिरची वाळायची जागा रंगातून वगळायची या अटीवर. वेंडरनं ती जागा खडूनं आखून घेतली आहे.