प्लास्टिक मॉडेल किट्स: आठ महिन्यांचा अनुभव, नागपूरच्या उन्हासकट

गेल्या ऑक्टोबरपासून हे तुकडे जोडून छोटी विमानं-गाड्या बनवायचं चालू आहे, आता मे संपत आला, म्हटलं लिहून टाकावं. डबा उघडल्या उघडल्या लिहिलेले रिव्ह्यू पोत्यानं सापडतात आणि सगळे खुश असतात, डबा उघडताना कोण खुश नसतं. पुढे त्या डब्याचं काय झालं ते सहसा कोणी लिहीत नाही. तर हा चार किट्सचा, त्यांच्या गमचा, रंगाचा आणि आमच्या उन्हाचा मिळून रिव्ह्यू आहे. चारातली दोन पूर्ण झाली, एक अर्धवट पडलं आहे आणि एकाचा बळी गेला.

निमित्त मिग-21 ह्या लढाऊ विमानाचं. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला ते रिटायर झालं, 1963 पासून 62 वर्षं आपल्या एअरफोर्समध्ये होतं, आणि टीव्हीवर तो कार्यक्रम बघता बघता मला एकदम माझं लहानपणीचं स्पिटफायर आठवलं, दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं मॉडेल. आतेभाऊ मर्चंट नेव्हीत, त्यानं 1989 ला कुठल्यातरी बंदरातून एअरफिक्सचं किट आणून दिलं होतं. ही इंग्लंडची कंपनी, त्यांचं पहिलं स्पिटफायर 1953 चं, 2006 पासून कंपनी हॉर्नबीकडे आहे, हे सगळं मला आत्ता कळलं, तेव्हा फक्त डब्यावरचं चित्र दिसत होतं. नागपूरच्या महाल भागातल्या घरी पाटावर बसून मी ते फेव्हिकॉलनं जोडलं. फेव्हिकॉल लाकडाचा, प्लास्टिकला तो काय करणार, सकाळी उचललं तर पंख पाटावर आणि विमान हातात. मग सुपरग्लू आणला तर बोट कॉकपिटच्या काचेला चिकटलं आणि काच आतून पांढरी धूर झाली. ते तसंच आंधळं विमान पंख्याच्या हुकाला दोऱ्यानं टांगून दोन वर्षं होतं. घर बदललं त्यात गेलं कुठेतरी.

आधी सीताबर्डी पालथी घातली. मोदी नंबर एक दोन तीन सगळ्या गल्ल्या फिरलो, खेळण्याच्या दुकानात विचारलं की रिमोटची कार दाखवतात, एकानं तर जोडायचं विमान म्हणून थर्माकोलचं ग्लायडर काढलं. शेवटी ऑनलाइन. पण बाकी सामान मात्र गल्लीतच मिळालं, नखं घासायच्या पट्ट्या बांगड्यांच्या दुकानात, बारीक कटर मोबाईल रिपेअरिंगचं सामान विकणाऱ्याकडे, वॉटर पेपर हार्डवेअरमध्ये 400 पासून 2000 नंबरपर्यंत, ब्रश धरमपेठेतून. हॉबीचं म्हणून वेगळं घ्यायला गेलं की तीच पट्टी तिप्पट किमतीला.

पहिलं किट स्पिटफायरच घेतलं, 1/72 स्केल म्हणजे खऱ्याच्या 72 पट लहान, सोबत रंग-ब्रश-गम असलेला स्टार्टर सेट. कंपनीचं नाव घेत नाही कारण पार्सल किती महिने कोणत्या गोडाऊनमध्ये भाजलं देव जाणे, पण सहापैकी चार रंग सुकून चामडं झाले होते. स्टार्टर सेट घेऊ नका, नुसतं किट घ्या आणि गम-रंग वेगळे घ्या.

आणि गम घ्यायचा तर टामिया ह्या जपानी कंपनीचा एक्स्ट्रा थिन, हिरव्या झाकणाची 40 मिलीची चौकोनी बाटली. आठ महिन्यांत सगळ्यात वसूल झालेली वस्तू हीच. हा गम म्हणजे पॉलिस्टायरिन, किटचं प्लास्टिक, वितळवणारं पाण्यासारखं पातळ सॉल्व्हंट. दोन भाग कोरडेच एकमेकांवर दाबून धरायचे, झाकणातच ब्रश आहे तो फटीला नुसता टेकवायचा, आणि गम फटीतून आपणच पळत जातो, कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसा. दोन्हीकडचं प्लास्टिक वितळून एक होतं, सॉल्व्हंट उडून जातं, दुसऱ्या दिवशी ओढून बघा, जोड सुटत नाही. पहिल्यांदा ती रेघ पळताना बघितली तेव्हा रात्रीचे साडेबारा झाले होते आणि मी बायकोला उठवून दाखवली. ती म्हणाली, "हे करून राहिले तुम्ही इतक्या रात्री?" आणि झोपली. एकच काळजी घ्या, फटीवर बोट ठेवू नका, गम बोटाखालीही शिरतो. माझ्या स्पिटफायरच्या डाव्या पंखाखाली माझा अंगठा आहे, आधार सेंटरवर कधी इतका नीट उठला नाही. खिडकी मात्र उघडी ठेवा, वासानं डोकं चढतं.

दुसरं मिग-21 बिस, म्हणजे मिग-21 चाच एक नंतरचा प्रकार, तेही 1/72. खऱ्या मिगच्या पंखांचा पसारा 7.15 मीटर, 72 नं भागलं की दहा सेंटीमीटरला जरा कमी, म्हणजे तळहातावर मावतं आणि तरी त्याला शंभराच्या आसपास तुकडे. आधीची बरीच मिग नाशिकजवळ ओझरला एचएएल ह्या सरकारी विमान कंपनीत बनली, शेवटपर्यंत उडालेली बायसन म्हणजे ह्या बिसचीच सुधारून घेतलेली विमानं, म्हणून हेच निवडलं. ह्या किटनं दीड महिना घेतला आणि पूर्ण वसूल करून दिला.

नाकाखाली चाक असलेल्या विमानांची मॉडेल्स नाकात वजन नसेल तर बरेचदा शेपटीवर बसतात. मॅन्युअलमध्ये वजनाचं चित्र होतं, छोटंसं, मी ते डाग समजलो. बॉडी जोडून, सांधा घासून, चाकं लावून टेबलावर ठेवलं आणि मिगनं नाक वर करून छताकडे बघितलं. आता जोडलेली बॉडी फोडायची म्हणजे सगळं गेलं. पण मिगचं नाक उघडं असतं ना, हवा आत ओढायला, मधला तो टोकदार शंकू मी अजून पक्का केला नव्हता. समोरच्या काकूंची मुलगी एअर रायफलच्या क्लासला जाते, तिच्याकडून शिशाचे छर्रे आणले, एक साधारण अर्ध्या ग्रॅमचा. चिमट्यानं एकेक आत सोडायचा, टेबलावर ठेवून बघायचं, पुन्हा शेपटीवर, अजून एक. अकराव्या छर्‍याला नाक खाली आलं आणि तिथेच राहिलं. बाराव्यानं खात्री केली. आत पक्के करायला फेव्हिकॉल ओतणारच होतो, पण शिसं आणि पांढरा गम बरीच वर्षं एकत्र राहिले की शिशाची पांढरी पावडर होऊन फुगते आणि बॉडी आतून फाटते असं वाचलं, म्हणून एम-सीलची गोळी दाबली.

फेव्हिकॉलचा मान मात्र राखला गेला. कॉकपिटची काच लावायला पांढरा गमच बरोबर, सुकला की पारदर्शक होतो, काच धुरकटत नाही, जास्त झाला तर ओल्या कापडानं पुसता येतो. म्हणजे 1989 ला माझा गम बरोबर होता, जागा चुकली होती.

डीकल म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायची चित्रं. किटमध्ये देशाची खूण म्हणून रशियन तारे आणि फिनलंडचे गोल होते, आपले केशरी-पांढरे-हिरवे गोल वेगळे मागवावे लागले. मॅट रंगावर डीकल बसवू नका, खडबडीतपणात हवा अडकते आणि सुकल्यावर कडेनं चंदेरी दिसतं, आधी ग्लॉस क्लिअर, म्हणजे चकचकीत पारदर्शक थर मारा, मग डीकल, मग हवं तर मॅट. मी पहिला गोल घाईत मॅटवरच लावला, तो उजव्या पंखावर आहे, म्हणून विमान शोकेसमध्ये डावीकडून ठेवलं आहे.

बळी गेलेलं किट म्हणजे नॅट. 1971 ला श्रीनगरवर निर्मलजीतसिंग सेखों ज्या विमानातून लढले ते नॅट, परमवीर चक्र मिळालेले एअरफोर्सचे ते एकटेच, त्यामुळे घ्यायचंच होतं. घाईत घेतलं ते दोन सीटचं ट्रेनर निघालं, आपल्याकडचं फायटर एका सीटचं. ती चूक माझी, पुढचीही माझीच. रंग पातळ करायला हार्डवेअरमधून एनसी थिनर आणलं, फर्निचरवाले वापरतात ते, अर्धा लिटर, स्वस्त. ब्रशनं पहिला हात मारला तेव्हा छान पसरलं. दुसरा हात मारला तर रंगाबरोबर पंखही पसरायला लागला. सगळ्या रेषा पुसल्या गेल्या, वर ब्रशचे केस रुतून बसले. टामियाच्या अ‍ॅक्रिलिकला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, मेडिकलमध्ये मिळतं, आता तेच वापरतो. नॅट फेकलं नाही, नवीन रंग आधी त्याच्यावर मारून बघतो.

आता उन्हाचं. मार्चपर्यंत मजेत चाललं. एप्रिलपासून अ‍ॅक्रिलिक ब्रशवरच सुकायला लागला, डब्यातून पंखापर्यंत येईस्तोवर टोकाला गोळी. रिटार्डर नावाचं औषध मिळतं, दोन थेंब टाकले की सुकणं लांबतं, ते नसेल तर मे महिन्यात ब्रश हातात घेऊ नका. कूलर लावला तर हवा दमट, वर गवताचे तुकडे आणि धूळ ओल्या रंगावर, बंद केला तर घाम मॉडेलवर टपकतो. मी रात्री अकरानंतर कूलर वीस मिनिटं बंद करून रंग देतो, तेवढ्यात घरातले दोनदा विचारून जातात की लाईट गेली का. एअरब्रश, म्हणजे रंगाचा बारीक फवारा मारायचं पेन, आणि त्याचा छोटा कॉम्प्रेसरही घेतला, पण त्याची सफाई रंगकामापेक्षा मोठी, महिन्यातून एकदा निघतो. सुरुवातीला गरज नाही.

खर्च: आठ महिन्यांत साडेअठरा हजार, त्यात किट्सचे निम्म्याहून कमी. बाहेरचं किट महाग पडतं कारण 2020 च्या बजेटमध्ये खेळण्यांवरची कस्टम ड्युटी 20 ची 60 टक्के झाली आणि 2023 ला 70, आणि ही मॉडेल्स कस्टमच्या हिशोबात खेळण्यांच्याच खान्यात बसतात. खेळणं म्हणतात आणि तुकडे इतके बारीक की लेकरांच्या हातात देता येत नाहीत, बाप्पा.

चौथं टामियाची विलीज जीप, 1/35. ह्या स्केलची गोष्ट मला फार आवडली, साठच्या दशकाच्या सुरुवातीला टामियानं पँथर रणगाडा काढला, आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा आकार धरला, नंतर मोजलं तर 1/35 च्या जवळ आलं, आणि आज जगभर लष्करी मॉडेल्सचं तेच माप. जीपबद्दल सांगायचं तर तुकडे असे बसतात की मला आधी संशय आला. गमशिवाय नुसतं लावलं तरी उभी राहते. फटी भरायला पुट्टी लागलीच नाही. इतकी सरळ की थोडी कंटाळवाणी, हे मला स्वतःलाही पटत नाही पण आहे. मिगनं रडवलं त्यामुळे मिग जास्त आवडतं. पहिलंच किट घेणार असाल तर मात्र जीप घ्या.

गोळा करण्याचं वेगळंच व्यसन आहे, त्याची कोणी आधी सूचना देत नाही. जोडायला महिना लागतो, ऑर्डर करायला मिनिट. सध्या कपाटावर सहा डबे न उघडलेले आहेत. त्यातला एक माझ्या 1989 च्या स्पिटफायरचाच, तेच चित्र, एका पुण्याच्या गृहस्थांनी कलेक्शन कमी करताना दिला. उघडून बघितला. प्लास्टिक जाड, जोडाच्या कडांना पापुद्रे, पंखावरच्या रेषा कोरलेल्या नाहीत, उठावाच्या, घासल्या की गेल्या. नव्या साच्यातल्या किटसमोर ठेवलं तर लाज वाटेल असा माल, आणि मी दहा वर्षांचा असताना ह्याच्यापायी शाळा बुडवली होती. जोडणार आहे, पण घाई नाही, त्या पंखांना घासायचं कसं हेच ठरत नाही.

आणि मिगचं एक राहिलं. नाकापुढची ती लांब नळी, पिटॉट. प्लास्टिकची ती नळी तीनदा तुटली, एकदा पार्सलमध्ये, दोनदा माझ्या बाहीनं. धातूची वेगळी विकत मिळते, पण आईला बी-12 चं इंजेक्शन चालू आहे, तिच्या खोक्यातली एक नवी 24 नंबरची सुई मागितली. आईनं काढून दिली आणि विचारलं, "काऊन रे, विमानालाबी कमी आहे का बी-12?" सुई एकदम मापात बसली, टोक घासून टाकलं. रंग बाकी आहे, कूलर बंद करायची हिंमत झाली की देतो.