‘जॉइन इन’ की ‘जॉइन अप’?

लक्ष्मी रस्त्यावर विसर्जन मिरवणूक रंगलीये, ताशाची तर्री घुमतेय आणि कडेला उभ्या मित्राला तुम्ही हाताला धरून आत ओढता: ‘कम ऑन, जॉइन इन!’ म्हणजे जे आधीच चालू आहे त्यात तूही ये. गाणं, खेळ, गप्पा, सगळ्यांना हे चालतं. पुढे माणसं आली की ‘विथ’ लागतं: ‘जॉइन इन विथ देम’. पथकाचं रीतसर सभासद व्हायचं असेल, तर मात्र नुसतं ‘जॉइन’. ‘आय जॉइन्ड इन अ कंपनी’ हे हिंजवडीत सर्रास कानावर पडतं; तिथला ‘इन’ सरळ काढून टाका. (आपल्या ‘कंपनीत’मधला ‘त’ तिथे डोकावतो, दुसरं काय!)

‘जॉइन अप’ची जात वेगळी. ब्रिटिश इंग्रजीत ‘ही जॉइन्ड अप ॲट एटीन’ म्हणजे गडी अठराव्या वर्षी सैन्यात भरती झाला. खडकवासल्याच्या एनडीएचा विषय निघाला तर शोभेल, ढोलपथकाला नाही. वेगवेगळे निघालेले लोक वाटेत एकत्र येतात तेव्हाही हेच: ‘वी विल जॉइन अप विथ द अदर्स ॲट स्वारगेट.’