१० मीटर एअर पिस्तूल : बेळगावात अख्खा पावसाळा काढल्यानंतर

मागच्या दिवाळीनंतर घेतलेल्या पिस्तुलाने आता आमच्याकडचा उन्हाळा पाहिला, धो धो पावसाळा पाहिला आणि पुन्हा थंडी आली. म्हणून आता लिहायला बसले. खानापूर, निपाणी, चिकोडीकडची बरीच मुलंमुली हल्ली १० मीटरकडे वळताहेत, त्यांच्या घरचे विचारत असतात, की कुठलं घ्यायचं आणि घेतल्यावर काय काय करावं लागतं. पहिल्या प्रश्नापेक्षा दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, त्यामुळे हे सगळं दुसऱ्याबद्दलच आहे.

रेंजवर जा, तीच पाचसहा नावं दिसतात. मोरिनी, स्टेयर, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, पार्दिनी. माझं त्यांतलंच एक, मेकॅनिकल ट्रिगरचं, २०० बार दाबाच्या हवेच्या सिलिंडरचं, आधी कुणीतरी वापरलेलं. नेमकं कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढचं सगळं या पाचांनाही सारखंच लागू आहे. या दर्जाची पिस्तुलं कारखान्यातून निघतानाच आपल्यापेक्षा अचूक असतात. क्लॅम्पमध्ये धरून मारलं तर गोळीवर गोळी पडते. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे पिस्तुलाकडून गुण जात नाहीत. जातात ते पिस्तूल आणि हात यांच्यामध्ये, आणि आमच्या हवेत पिस्तुलाच्या पोटात जाणाऱ्या ओलाव्यामुळे. ट्युनिंग म्हटलं की सगळे ॲलन की घेऊन ट्रिगरचे स्क्रू फिरवायला लागतात. माझा अनुभव उलटा आहे. वेळ आणि पैसा ग्रिपवर (म्हणजे लाकडी मुठीवर) आणि हवेवर घालवा.

आधी हवा. सिलिंडरमध्ये २०० बार भरायचं म्हणजे दोनशे लिटर हवा एका लिटरच्या जागेत कोंबण्यासारखं आहे. हवा कोंबता येते, तिच्यातली वाफ येत नाही. एका लिटरात मावेल तेवढीच वाफ राहते, उरलेलीचं पाणी होतं. मार्चमध्ये आमची हवा कोरडी असते, तेव्हा हे लक्षातही येत नाही. जुलैत मात्र कपाटातले कपडे ओलसर लागतात, भिंतीला बुरशी येते, आणि तीच हवा आपण हातपंपाने पिस्तुलात भरत असतो. पंपाच्या फिल्टरमधले ओलावा शोषणारे सिलिकाचे निळे दाणे उन्हाळ्यात महिनोन्महिने निळे राहतात, जुलैत बघता बघता गुलाबी होतात. ते मंद आचेवर कोरडे करून परत वापरता येतात, पण पावसात हे काम रोजचंच होऊन बसतं. शिवाय पंप तापला की त्याच्या सील जातात, म्हणून थोडं भरायचं, ब्लीड स्क्रू सोडून पाणी बाहेर काढायचं, थांबायचं, मग पुन्हा.

आता मी स्कूबाची टाकी वापरते. डायव्हिंगवाल्यांच्या कॉम्प्रेसरला हवा कोरडी करणारे फिल्टर असतात, कारण ती हवा माणसाच्या श्वासासाठी असते. मालवण आणि गोवा दोन्ही आपल्याला जवळ. चोर्ला घाटातून जाणारं कुणी ना कुणी ओळखीचं असतंच. टाकी २०० बारची भरून आणली की पिस्तुलाचा छोटा सिलिंडर तिच्यातून पुष्कळदा भरतो. टाकी उतरत उतरत १५० वर आली की पिस्तुलातही १५०च येतं, पण त्याने नेमात फरक पडत नाही. आतला रेग्युलेटर तो दाब खाली आणून दर गोळीला सारखाच देतो. फक्त मॅनोमीटर, म्हणजे दाब दाखवणारा काटा, ७०च्या खाली जाऊ द्यायचा नाही, हा माझा नियम. टाकीच्या हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने होणाऱ्या तपासणीची) तारीख तेवढी बघून घ्या.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन कधीही भरू नका. "गॅसच तो, काय फरक पडतो" असं म्हणणारे भेटतात. दाबाखालचा ऑक्सिजन आणि सीलवरचं तेल किंवा ग्रीस एकत्र आलं की स्फोट होतो, आणि तो चेहऱ्यासमोर होतो. हवेच्या वाटेतल्या सीलना साधं मशीन ऑइलसुद्धा लावायचं नाही. शुद्ध सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला लागेल न लागेल एवढं.

ओलावा आत गेल्याची खूण ऑगस्टमध्ये टार्गेटवर दिसली. गोळ्या डावी-उजवीकडे जात नव्हत्या, उभ्या रेषेत वरखाली पडत होत्या. हाताचा दोष असता तर पसारा बहुधा असा सरळ उभा आला नसता. पिस्तूल टेकूवर ठेवून मारलं, तरी तसंच. म्हणजे वेग कमीजास्त होत होता. या पिस्तुलात गोळी साधारण १५० मीटर प्रतिसेकंदाने निघते आणि १० मीटर जायला सेकंदाचा पंधरावा भाग घेते, त्यामुळे वेग जरासा डळमळला तरी कागदावर उमटतो. सिलिंडर काढून पाहिला तर तोंडाशी पांढरट भुकटी जमलेली. आधीच्या मालकाच्या वेळचीच असावी, थर जुना होता. रेग्युलेटर मी उघडला नाही, पुण्याच्या जाणकार आर्मररकडे, म्हणजे पिस्तुलं दुरुस्त करणाऱ्याकडे, पाठवला. दाबाखालचे भाग घरी उघडू नयेत, असं माझं ठाम मत आहे. सिलिंडर आणि पिस्तूल यांच्या मधली ओ-रिंग (रबराची गोल सील) मात्र स्वतः बदलता येते, आणि त्या बाबतीत बेळगावकर नशीबवान आहेत. उद्यमबागेत, म्हणजे आमच्या औद्योगिक वसाहतीत, हायड्रॉलिकची इतकी कामं चालतात, की कुठल्याही मापाची रिंग मिळते. मापाइतकाच रबराचा कडकपणाही विचारा. जॅकवाल्यांना ९० शोअरची (शोअर म्हणजे कडकपणाचं माप) लागते, म्हणून दुकानदार तीच काढून देतो. मूळ रिंग ७०ची असेल तर ७०चीच हवी. जुनी रिंग बरोबर घेऊन गेलेलं बरं.

ग्रिपबद्दल लिहायला मला खरं तर वेगळा लेख लागेल. बायकांचे आणि शाळकरी मुलांचे हात लहान, आणि अक्रोडाची तयार ग्रिप लहान मापाची घेतली तरी अंगठ्याखाली एक पोकळी राहते आणि करंगळीला जागा उरत नाही. ग्रिप बरोबर आहे की नाही ते बघायची रीत आमच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात दाखवली. डोळे मिटायचे, हात उचलायचा, मनगट घट्ट, मग डोळे उघडायचे. नळीवरची समोरची साइट (नेम धरायची खूण) मागच्या खाचेच्या मधोमध दिसली तर ग्रिप तुमची. माझी दरवेळी डावीकडे दिसायची. असं झालं की माणूस नकळत मनगट वळवून ती मध्ये आणतो, आणि स्पर्धेतल्या साठ गोळ्यांपैकी शेवटच्या वीसमध्ये ते मनगट थकतं.

माझ्या ग्रिपचं काम खानापूर रोडवरच्या एका सुतारमामांनी केलं. पिस्तूल त्यांच्याकडे नेलं नाही, फक्त ग्रिप सोडवून नेली. त्यांनी माझ्या तळव्याला खडूची पूड लावली आणि ग्रिप धरायला लावली. काळपट अक्रोडावर पांढरं कुठे उठलं ते लगेच दिसलं. अंगठ्याच्या बुडाशी आणि तळव्याच्या कडेला दाट, मधल्या बोटाखाली काहीच नाही. जिथे दाट तिथे कानस, जिथे कोरं तिथे लांबी, म्हणजे लाकडाची पुट्टी. मी म्हटलं, "मामा, आजच सगळं करून टाका की." तर म्हणाले, "नाही ताई. काढलेलं लाकूड परत येत नाही. आज एवढंच. चार दिवस मारून बघा, मग या." चार दिवसांनी पुन्हा खडू, पुन्हा कानस. असं महिनाभर चाललं. शेवटी मधल्या बोटाखाली जो उंचवटा आला तो माझ्याच बोटाच्या पेराचा आहे, दुसऱ्या कुणाच्या हातात ती ग्रिप बसत नाही. पॉलिश पेपर मारून गुळगुळीत करायला ते निघाले होते, तेवढं मी करू दिलं नाही, कारण घामाच्या हाताला खरखरीत पृष्ठभागच धरतो.

हे करताना दोन नियम लक्षात ठेवा, नाहीतर स्पर्धेत इक्विपमेंट कंट्रोलला (साहित्याच्या तपासणीला) अडवतील. तळव्याखालची फळी ग्रिपशी ९० अंशांपेक्षा कमी कोनात नको, म्हणजे ती वर वळून हाताला कवटाळता कामा नये. आणि सगळं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. लांबी थापत गेलं की ५०ची मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. मामांनी पुठ्ठ्याचीच पेटी करून दिली आहे, ती माझ्या किटमध्ये असते.

पावसाळ्यात लाकूड फुगतं. अगदी थोडं, पण ज्या हाताला महिनाभर मापून दिलंय त्या हाताला ते कळतं. मे महिन्यात चपखल बसलेली ग्रिप जुलैत अंगठ्याला टोचायला लागली. त्यावर पुन्हा कानस लावायची नाही, थंडीत तीच ढिली होईल. आतल्या उघड्या लाकडाला जवसाच्या तेलाचा पातळ हात दिला, नीट वाळू दिलं, आणि पेटीत सिलिकाच्या पुड्या ठेवल्या. बराच फरक पडला. तेलाचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप पेटू शकतो, पसरून वाळवा. राज्य स्पर्धेला बेंगळुरूला जायचं असेल तर तिथली हवा वेगळी असते. मी ग्रिपचा स्क्रू तिथे पोचल्यावर एकदा तपासते.

ट्रिगरचं थोडक्यात. नियमाने किमान ५०० ग्रॅम. नळी उभी धरून ट्रिगरने वजन जमिनीवरून उचलायचं, सुटलं तर नापास. नेमकं ५००वर ठेवू नये, धुळीने आणि थंडीगरमीने थोडं इकडेतिकडे होतंच. मी अर्ध्या किलोचं लोखंडी वजन घेतलं, त्याला तारेचा आकडा केला आणि सराफाच्या काट्यावर दोन्ही एकत्र तोललं. ५१८ ग्रॅम भरलं. तेच माझं माप. पहिल्या टप्प्याला जास्त भार आणि दुसऱ्याला कमी ठेवला की बोट दुसऱ्या टप्प्याच्या भिंतीला टेकलेलं स्पष्ट कळतं. सरांनी एकदा लावून दिलं, मी प्रत्येक स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका दिला, अर्धा स्क्रूवर, अर्धा शेजारच्या धातूवर. ठिपक्याची रेघ जुळते तोवर कुणी हात लावायचा नाही. गुण पडले की ट्रिगरवर संशय घ्यायची सवय मुलांना फार लवकर लागते. ठिपका जुळलेला दिसला की तो विषय तिथेच मिटतो आणि सराव सुरू होतो.

नळीचं काम थोडं. पाचशे गोळ्यांचा डबा संपला की दोनतीन फेल्टच्या (नळी पुसणाऱ्या, दाबलेल्या लोकरीच्या) गोळ्या मारायच्या, बस. लोखंडी रॉड घालून घासू नये, तोंडाची कड खराब झाली तर मग काही उपाय नाही. गोळ्यांवर पावसाळ्यात पांढरी पूड चढते, ती शिशाची असते. असा डबा स्पर्धेला वापरू नका, आणि एरवीही सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावू नका. लहान मुलं असलेल्या घरात तर हे पाळायलाच हवं.

देखभालीला इतकं महत्त्व कशाला, असं विचारणाऱ्यांना मी टोकियो ऑलिंपिकची आठवण देते. २५ जुलै २०२१, १० मीटर एअर पिस्तूलची पात्रता फेरी, आणि ऐन मधेच मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं. दुरुस्तीत मिनिटं गेली, घड्याळ थांबत नाही. उरलेल्या वेळात घाईने मारूनही ती ५७५वर पोचली, पण बाराव्या नंबरवर राहिली आणि अंतिम फेरी हुकली. त्याच मुलीने २०२४ला पॅरिसमध्ये याच प्रकारात कांस्य आणलं. तिच्याजवळ देशातली उत्तम मदत होती, तरी यंत्राने दगा दिला. आपल्याकडे साधा लोडिंग लिव्हरचा पिन हवा असेल तरी तो बाहेरून मागवावा लागतो आणि आठवडेच्या आठवडे जातात. म्हणून दर महिन्याला मी भिंगाखाली लिव्हर, पिन आणि साइटचे स्क्रू बघते, आणि एक ओ-रिंगचा संच, एक लिव्हर पिन, एक साइटचा स्प्रिंग जवळ ठेवते.

जुनं पिस्तूल घेणाऱ्यांसाठी एवढंच, की नळीपेक्षा आधी सिलिंडर बघा. त्यावर बनवल्याची तारीख कोरलेली असते, आणि बहुतेक युरोपियन कंपन्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला १० वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत तपासला गेला तर अडचण, आणि त्याची जबाबदारी नियमाने खेळाडूचीच. विकणारा "अजून छान चालतोय" म्हणेल, तरी नव्या सिलिंडरची किंमत वजा करूनच भाव ठरवा. माझ्या व्यवहारात दोन सिलिंडर होते, एकाची मुदत संपलेली. त्याचे पैसे मी दिले नाहीत.