हवेतल्या शिशाची तपासणी: सॅम्पलिंग चोख, रिपोर्ट अर्धवट

आमचं काम खाडीवरच्या जुन्या पोलादी पुलाचं. वरचा करडा रंग निघाला की खाली रेडलेड, तो शिशाचा शेंदरी प्रायमर, लागतो. नीडल गन (सुया आपटून रंग उडवणारं यंत्र) आणि ग्राइंडर चालला की तोच पोरांच्या नाकात. मी ठेकेदाराकडे सेफ्टी बघतो, म्हणून बाहेरची लॅब बोलावली. नाव इथे टाकत नाही.

आलेला टेक्निशियन कामाचा निघाला. आधीच्या एका लॅबने गेटपाशी धूळ मोजायचं मशीन ठेवून आकडा दिला होता. ते मशीन सगळीच धूळ मोजतं, शिसं वेगळं सांगत नाही. याने हवा ओढणारे पंप थेट कामगारांच्या पट्ट्याला लावले, फिल्टरची ३७ मिमीची कॅसेट कॉलरला, नाकाजवळ. मिनिटाला २ लिटर हवा. फ्लो सुरुवातीला तपासला, शेवटीही तपासला, आणि एक कोरी कॅसेट तशीच परत नेली, लॅबमध्ये ताडून बघायला. स्वतः परांचीवर बसून कोण कधी काय करतोय ते टिपत होता. चहालाही खाली उतरला नाही, त्याबद्दल एक स्टार जास्त.

ग्राइंडरवाल्याचा आकडा जास्त येणार हे ठाऊकच होतं. खरा धक्का पोपडे झाडून गोणीत भरणाऱ्या हेल्परच्या आकड्याचा. आमच्याकडे मास्क वाटताना त्याचा नंबर शेवटी लागायचा. आता झाडू बंद, आधी पाणी मारायचं, मग हेपा (अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा व्हॅक्यूम.

रिपोर्टने मात्र निराशा केली. त्याच हेल्परच्या नावापुढे ‘मर्यादेत’ असा शिक्का. आपल्या १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या दुसऱ्या अनुसूचीत शिशाला घनमीटरमागे ०.१५ मिलिग्रॅम, म्हणजे १५० मायक्रोग्रॅम चालायचं. अमेरिकेच्या ओशाची (तिथलं कामगार-सुरक्षा खातं) बांधकामासाठीची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने ५० मायक्रोग्रॅम आहे आणि ३० लाच हालचाल सुरू करावी लागते. दोन्ही आकडे शेजारी छापायला काय जातं? टेक्निशियनने एवढं टिपलेलं, पण कुठल्या कामाला किती वेळ गेला तेही रिपोर्टात उतरलं नाही.

दर स्वस्त नाही, प्रत्येक कॅसेटमागे पैसे. बोलावण्याआधी त्यांच्या एनएबीएल स्कोपमध्ये (लॅबला मान्यता मिळालेल्या तपासण्यांची यादी) कामाच्या जागेच्या हवेतलं शिसं आहे का ते बघून घ्या. नुसतं ‘पाणी तपासणी’ असेल तर नको.

पाचपैकी साडेतीन. पुलाच्या पुढच्या स्पॅनला (दोन खांबांमधल्या भागाला) यांनाच बोलावणार, पण कामनिहाय वेळ आणि पंपाचे आधीचे-नंतरचे आकडे वर्क ऑर्डरमध्येच लिहून मागणार.