'फाइंड स्टीड'चा घोडा आठ महिने घरच्या नियमांनी पळवल्यावर

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा फासे टाकत, गोष्ट रचत खेळायचा खेळ. त्यातला 'फाइंड स्टीड' हा स्पेल (मंत्र) पॅलाडिनला, म्हणजे शपथेने बांधलेल्या योद्ध्याला, घोडा देतो. त्याचे नियम मी आमच्यापुरते बदलून पाहिले. निकाल आधीच सांगून टाकतो: लाथेचा नियम दुसऱ्या खेपेला जमला, 'फँटम स्टीड' या दुसऱ्या घोड्याच्या स्पेलचा पार फसला.

इंदिरानगरला आमचं शनिवारचं खेळाचं टेबल असतं, डीएम (गोष्ट चालवणारा, नियमांचा निवाडा करणारा) मी. पावसाळ्यात पॅलाडिन पाचव्या लेव्हलला पोचली, घोडा बोलावला आणि पहिल्याच लढाईत तिने विचारलं, "दादा, मी तलवार मारली, आता घोडा लाथ मारणार ना?" भांडण दोन तास चाललं. आम्ही खेळाची 2014 ची आवृत्ती खेळतो. त्यात लगामाखालच्या, म्हणजे स्वाराच्या ताब्यातल्या, जनावराला फक्त डॅश, डिसएंगेज, डॉज (जोरात धावणं, शत्रूपासून सुटून निघणं, वार चुकवणं). स्वतंत्र असेल तर लाथही, पण त्याचा टर्न वेगळा. आता ह्या घोड्याची इंटेलिजन्स किमान 6, मालकिणीची एक भाषा त्याला कळते. त्याला लगामाखालचा म्हणायचं कसं? (2024 च्या आवृत्तीत हा घोळ मिटवलाय: स्वार बसलेला असेपर्यंत तो लगामाखालचाच.)

मी नियम केला: स्वाराने बोनस ॲक्शन (टर्नमधली जादाची छोटी कृती) खर्चावी, घोडा एक लाथ मारेल. वाटलं, किंमत वसूल झाली. कसली! तिची बोनस ॲक्शन बहुतेक टर्नला रिकामीच पडून असायची. वॉरहॉर्सची (युद्धाच्या घोड्याची) लाथ 2d6+4 (सहा बाजूंचे दोन फासे, अधिक 4), म्हणजे सरासरी 11, आणि तीही फुकटात. आमचा 'रोग' (चोरट्या लढवय्याचं पात्र खेळणारा) दोन शनिवार गाल फुगवून बसला होता. दिवाळीनंतर नियम बदलला: लाथ हवी तर स्वतःच्या दोन वारांपैकी एक सोडायचा. तेव्हापासून ती लाथ राखून ठेवते. वीस फूट सरळ धावत जाऊन खूर लागला की समोरच्याला स्ट्रेंग्थचा 14 चा सेव्ह (फासा टाकून ताकदीच्या जोरावर 14 गाठायचे), चुकला की आडवा. ही संधी दिसली की तलवार बाजूला.

घोड्याचे 19 एचपी (मार सोसायचे गुण) म्हणजे एका फायरबॉलचं (आगगोळ्याच्या स्पेलचं) गिऱ्हाईक. 2024 चं सूत्र उचललं, 5 अधिक स्पेलच्या लेव्हलमागे 10. 'फाइंड स्टीड' दुसऱ्या लेव्हलचा, म्हणून झाले 25. बरं चाललंय.

'फँटम स्टीड' थोडं काही लागलं तरी विरतो. मला दया आली; दहाच्या आतला मार लागला तर टिकेल, असं ठरवलं. विझार्ड (जादूगार) त्यावर बसून तासभर शंभर फुटांच्या वेगाने सगळ्यांभोवती घिरट्या घालत राहिला, बाकीचे फोन बघत बसले. पुढच्याच शनिवारी नियम रद्द.

घोडा बिचकतो का, यावरही वाद. पॅलाडिन म्हणे, वरातीतली घोडी फटाक्यांच्या माळेशेजारी ढिम्म उभी राहते, मग हा तर स्वर्गातून आलेला! पटलं. आवाजाला बिचकणार नाही, ड्रॅगनला मात्र बिचकेल.

एक गोष्ट मी मुळातली तशीच ठेवली. गेल्या महिन्यात त्यांना हरिहरसारख्या गडावर पाठवलं, कातळात खोदलेल्या, अंगावर येणाऱ्या पायऱ्या. घोडा चढणार नाही म्हटल्यावर पॅलाडिन हिरमुसली, त्याला खाली झाडाजवळ सोडून गेली. वर दारापाशी सगळे कुलूप उघडायच्या खटपटीत. हा घोडा मैलभरापर्यंत मनातल्या मनात बोलू शकतो. मी वाकून तिच्या कानात सांगितलं, "खाली कंदील दिसतायत. सात." तिने बाकीच्यांना काहीच सांगितलं नाही, नुसती तलवार उपसली.