अपघातस्थळाच्या मोजणीसाठी वेबओडीएम: सॉफ्टवेअर फुकट, मापाची जबाबदारी आपली

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर गायमुखच्या उतारावर कंटेनर आडवा झाला की पंचनाम्याला निवांतपणा उरत नाही. मागे गाड्यांची रांग वाढत असते, हायड्रा क्रेन येऊन थांबलेली असते आणि टेपचं दुसरं टोक धरायला एका माणसाला चालत्या लेनमध्ये उभं करावं लागतं. ड्रोनने तेच स्थळ काही मिनिटांत टिपून होतं. गाड्या हलवल्यानंतरही मोजणी टेबलावर बसून करता येते, आणि सहा महिन्यांनी एखादं अंतर राहून गेल्याचं लक्षात आलं तर तेही काढता येतं. त्यासाठी फोटो जोडून मोजता येईल असा नकाशा आणि त्रिमितीय बिंदूमेघ, म्हणजे लाखो बिंदूंनी उभं राहिलेलं स्थळाचं रूप, बनवणारं सॉफ्टवेअर लागतं. वेबओडीएम हे त्यातलं मुक्त स्रोताचं. अपघात तपासासाठी ते वापरावं का? वापरावं. मात्र आधीच बसवलेल्या सेटिंगवर चालवलं तर ते देखणा आणि चुकीचा नकाशा देतं, आणि अशा नकाशावर कोणाची तरी भरपाई ठरणार असते.

त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू किमतीची नाही. ते आपल्याच संगणकावर, इंटरनेट तोडूनही चालतं. अपघाताच्या फोटोंत मृतदेह असतात, नंबरप्लेटा असतात. ते परक्या सर्व्हरवर चढवण्याचं काहीच कारण नाही. म्हणूनच वेबओडीएम बनवणाऱ्यांचीच लाइटनिंग नावाची ऑनलाइन सेवा या कामासाठी टाळावी. डॉकर या मोफत साधनावरून बसवलं तर पैसे लागत नाहीत. विंडोजचा तयार इन्स्टॉलर मात्र विकत घ्यावा लागतो. अधिकृत मार्गदर्शिकेनुसार ४० फोटोंना ४ जीबी आणि २५० फोटोंना १६ जीबी रॅम लागते. शंभर मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद पट्ट्याला सव्वाशेच्या आसपास फोटो पुरतात, त्यामुळे १६ जीबीचा लॅपटॉप निभावून नेतो.

उड्डाण २५ मीटर उंचीवर ठेवा. बारा मेगापिक्सलच्या नेहमीच्या कॅमेऱ्याने तिथून एका पिक्सलमध्ये साधारण ०.९ सेंटीमीटर जमीन येते. पुढे-मागे ८० टक्के आणि बाजूने ७० टक्के फोटो एकमेकांवर यायला हवेत. सरळ खाली बघणाऱ्या तीन पट्ट्या झाल्या की प्रत्येक वाहनाभोवती कॅमेरा ४५ अंश तिरका ठेवून एक फेरी मारा. ही फेरी वाचवली की गाड्यांच्या बाजू नकाशात येतच नाहीत. फोटो घेताना ड्रोन थांबवा. स्वस्त ड्रोनचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो. त्याला ३० मिलिसेकंद लागले आणि ड्रोन सेकंदाला ३ मीटर सरकत असला, तर पहिल्या आणि शेवटच्या ओळीत ९ सेंटीमीटरचं अंतर पडतं. सॉफ्टवेअरमध्ये रोलिंग शटरची दुरुस्ती आहे, पण मुळात थांबून काढलेला फोटो केव्हाही बरा.

आता सेटिंग. ऑर्थोफोटो म्हणजे फोटो जोडून बनलेला, वरून सरळ पाहिल्यासारखा सपाट नकाशा. त्याचं रेझोल्यूशन आधीपासून एका पिक्सलला ५ सेंटीमीटरवर असतं. ब्रेकची खूण वीस सेंटीमीटर रुंद असली तर ती चार पिक्सलमध्ये बसते: नकाशावर करडा पट्टा दिसतो, सुरुवात कुठे आणि शेवट कुठे हे सांगता येत नाही. तोच आकडा १ केला की खुणेच्या कडा दिसतात, धडकेच्या जागी तिने घेतलेलं वळण दिसतं आणि शेजारचा धातूचा खोल ओरखडाही वेगळा ओळखू येतो. फोटो लहान करण्याचा पर्याय बंद ठेवा. घाईत कच्चा नकाशा काढणारा फास्ट ऑर्थोफोटोचा पर्याय पुरात शेतं पाहायला ठीक, इथे नको.

नकाशात वाहनांच्या कडा मात्र बिघडतात. ऑर्थोफोटोसाठी सॉफ्टवेअर जमिनीवर चादर अंथरल्यासारखा एकच पृष्ठभाग धरतं; उभा बंपर, दुभाजकाचं रेलिंग, कंटेनरची भिंत त्यात ताणली जातात. पूर्ण त्रिमितीय जाळी वापरण्याचा पर्याय चालू केला की फरक पडतो, तरी चेपलेला भाग किती सेंटीमीटर आत गेला हे सपाट नकाशावरून कधीच काढू नये. ते माप बिंदूमेघात घ्यावं. तिथे अंतर, उंची आणि आडवा छेद मोजायची साधनं आहेत आणि ती खरोखर चांगली आहेत. चालती वाहनं अर्धवट, विरघळलेली उमटतात, म्हणून निदान पट्ट्या काढून होईपर्यंत वाहतूक थांबवावी.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते प्रमाणाच्या चुकीने. साध्या ड्रोनचा जीपीएस मीटर-दोन मीटर इकडेतिकडे असतो. शेकडो एकरांच्या सर्व्हेत ते खपून जातं. शंभर मीटरच्या स्थळावर २ मीटर म्हणजे २ टक्के. स्थळ जितकं लहान, तितकी ही चूक मोठी. आणि नकाशा इतका नीटनेटका दिसतो की शंकाही येत नाही. अहवालातले त्रुटीचे आकडे बघून समाधान मानू नका, कारण ते सॉफ्टवेअरने स्वतःच्याच गणिताला दिलेले गुण आहेत.

उपाय नियंत्रणबिंदूंचा, म्हणजे नेमकी जागा मोजलेल्या जमिनीवरच्या खुणांचा. तीस सेंटीमीटरचे काळ्या-पांढऱ्या चौकटीचे आठ फ्लेक्सचे तुकडे करून ठेवा. सनबोर्ड नको, ट्रेलर गेला की उडतो. चार कोपऱ्यांत, दोन मध्ये, एका रेषेत येणार नाहीत असे अंथरा आणि टोटल स्टेशन (सर्व्हेचं कोन-अंतर मोजणारं यंत्र) किंवा आरटीके रोव्हरने (सेंटीमीटरपर्यंत अचूक जीपीएस) त्यांची जागा घ्या. उतारावर वरचा-खालचा भाग दोन्ही धरा. ही मापं सॉफ्टवेअरला ज्या मजकुराच्या फाइलीत द्यायची, तिची पहिली ओळ प्रक्षेपणाची, म्हणजे नकाशाच्या मोजणी-पद्धतीची: यूटीएम या मीटरमधल्या पद्धतीत ठाणे आणि नवी मुंबई ४३ उत्तर पट्ट्यात येतात. पुढच्या ओळींत पूर्व, उत्तर, उंची, मग फोटोतली जागा आणि फोटोचं नाव. प्रत्येक तुकडा किमान तीन फोटोंत हाताने टिचकी मारून दाखवावा लागतो. पाच फोटोंत दाखवला तर जास्त चांगलं. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याचा पडदा जुनाट वाटतो. मेटाशेप या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन खुणांमधलं ज्ञात अंतर थेट देता येतं. ती सोय इथे नाही.

उरलेले दोन तुकडे फाइलीत घालू नका. त्यांच्यातलं अंतर स्थळावरच पोलादी टेपने मोजून पंचनाम्यात लिहा आणि नंतर नकाशावर तपासा. दोन्ही मापं २-३ सेंटीमीटरच्या आत जुळली तरच नकाशा वापरावा. उलटतपासणीत टिकतं ते हे एक अंतर.

वेग काढताना मात्र सेंटीमीटरच्या मोहात पडू नये. २८ मीटरची ब्रेकची खूण आणि घर्षणांक ०.७ धरला तर खुणेच्या सुरुवातीचा वेग ताशी ७१ किमी निघतो, घर्षणांक ०.६ धरला तर ६५. खुणेच्या लांबीत १० सेंटीमीटरची चूक झाली तर वेगात फरक ताशी ०.१ किमीच्या आसपास. म्हणजे खरी अनिश्चितता रस्त्याच्या पृष्ठभागात आहे, आणि ओला डांबरी रस्ता, तेल, खडी यांची नोंद तपासणाऱ्याने खाली उतरूनच करायची. सायन-पनवेल महामार्गाच्या काँक्रीटवर खुणा मुळातच पुसट पडतात, तिथे जवळून काढलेले साधे फोटोही लागतात.

पावसात आणि रात्री हे सॉफ्टवेअर अडखळतं. ओल्या रस्त्यावरचं प्रतिबिंब प्रत्येक फोटोत जागा बदलतं, जुळणारे बिंदू सापडत नाहीत आणि नकाशात भोकं पडतात. नवं, एकसारखं डांबर असेल तर हीच अडचण कोरड्या दिवशीही येते. रस्त्यावर खडूने आडव्यातिडव्या खुणा केल्या तर मदत होते, फक्त त्या पुराव्यापासून लांब हव्यात. मेट्रोच्या व्हायाडक्टखाली ड्रोनचं कामच नाही. ऐरोली-कळवा पट्ट्यात उच्चदाबाच्या तारा आधी डोळ्यांनी शोधाव्यात. नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून उलवे, पनवेल, बेलापूर, खारघर भागात उडवण्याआधी डिजिटल स्काय हा ड्रोनच्या हवाई हद्दींचा सरकारी नकाशा बघणं अटळ आहे: विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीत २०० फुटांपर्यंत परवानगी न लागणारा हिरवा पट्टा असतो, ८ किमीच्या आत परवानगीशिवाय नाही. पोलिसांच्या सांगण्याशिवाय खाजगी माणसाने स्थळावर ड्रोन सोडू नये हे वेगळं सांगायला नको.

न्यायालयासाठी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम ६३ लागू होतं. त्यातल्या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक पुरावा देणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि हॅश मूल्य, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा डिजिटल ठसा, नोंदवावं लागतं. कार्ड ड्रोनमधून काढल्यावर आधी मूळ फोटोंचा एसएचए-२५६ पद्धतीचा हॅश काढा, मगच प्रत सॉफ्टवेअरमध्ये घाला. वेबओडीएम प्रत्येक कामाची सेटिंग जपून ठेवतं. ती आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती प्रमाणपत्रासोबत छापून ठेवा, म्हणजे दुसरा तज्ज्ञ तोच नकाशा पुन्हा काढू शकेल.

प्रमाणात छपाई मात्र वेबओडीएममधून नीट होत नाही. नकाशाची जिओटिफ फाइल क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि प्रमाण १:२५० ठेवा. शंभर मीटरचा पट्टा ४० सेंटीमीटरमध्ये येतो आणि आडव्या ए३ कागदावर जेमतेम बसतो. छापताना प्रिंटरचा ‘पानात बसवा’ पर्याय बंद करा, नाहीतर प्रमाण तिथेच बिघडतं, आणि छापलेल्या प्रमाणपट्टीवर फूटपट्टी लावूनच कागद फाइलीला जोडा.