साथीत लोकांशी बोलायचं, तर कुणाच्या पद्धतीनं?

उद्या गावात साथ पसरली आणि सरपंच किंवा नगराध्यक्ष म्हणून माइक तुमच्या हाती आला, तर बोलायचं कसं? कोरोनाच्या साथीतली, मार्च 2020मधली तीन भाषणं शेजारी ठेवून बघा.

24 मार्चला रात्री आठला नरेंद्र मोदींनी 21 दिवसांचा लॉकडाउन जाहीर केला, अंमल त्याच मध्यरात्रीपासून. हात जोडून विनंती, दाराबाहेरची लक्ष्मणरेषा, 'कोई रोड पर ना निकले' हा हातात धरलेला फलक. शाळेची पायरी न चढलेल्यालाही धोका कळला. अडलं ते पुढे. सकाळी दूध मिळेल का, रोजंदारीवरच्याने खायचं काय, परगावी अडकलेल्याने घर कसं गाठायचं? लोक त्याच रात्री किराणा दुकानांकडे धावले आणि पुढच्या दिवसांत मजूर पायीच गावाकडे निघाले. 29 मार्चच्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी त्रासाबद्दल क्षमा मागितली.

न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी 21 मार्चला आधी चार पायऱ्यांची इशारा-पद्धत समजावली. 23 तारखेला, रुग्ण 102 असताना, सांगितलं : आज तिसरी पायरी, 48 तासांनी चौथी, म्हणजे सगळ्यांनी घरातच. किराणा, डॉक्टर, औषधं, पेट्रोल चालू राहील. सुपरमार्केट आज आहे, उद्या आहे, परवाही असेल. देश छोटा, चहूबाजूंनी समुद्र, हे खरंच. पण आधी काय चालू ते सांगायला देश छोटा असावा लागत नाही.

जर्मनीच्या तेव्हाच्या चान्सलर (सरकारप्रमुख) अँगेला मर्केल यांचं 18 मार्चचं भाषण शांत, जवळजवळ कोरडं. तरी बंधनं का, हे त्यांच्याइतकं नीट कुणी सांगितलं नाही. प्रवासाचं स्वातंत्र्य आपल्यासारखीला झगडून मिळालंय, म्हणून ते रोखणं अगदी नाइलाजानेच, असं, देशाबाहेर जायची मोकळीक नसलेल्या पूर्व जर्मनीत वाढलेली ही बाई म्हणाली. सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसणाऱ्यांचे आभारही मानले.

माझं मत विचाराल तर भाषेचा सोपेपणा मोदींचा घ्या, बंधनांमागचं कारण सांगण्याची रीत मर्केल यांची, पण सांगण्याचा क्रम आर्डर्न यांचाच. रेशन, औषधं, मजुरी यांची उत्तरं कागदावर उतरवूनच माइक हाती घ्या. अपवाद एकच : विहिरीचं पाणी दूषित निघालं, तर मुदत देत बसू नका. ते पिऊ नका हे तत्क्षणी सांगा आणि त्याच दमात टँकर कुठे, किती वाजता येईल तेही.